डोळे पिवळे दिसले? कावीळ झाल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

कावीळ झालेल्या माणसाच्या घरात पहिल्या दोन दिवसांत बरीच धावपळ होते, पण बहुतेक वेळा ती उलट्या क्रमानं होते. आधी ‘कावीळ उतरवणारी’ काड्यांची माळ येते, मग उसाचा रस. तेल, तूप, हळद आणि मीठ बंद होतं. कुणीतरी सांगतं म्हणून शेजारच्या गावी जाऊन औषध घेतलं जातं. आठवड्यानं माणूस उठेनासा झाला की मग रक्त तपासतात. या लेखात तोच क्रम सरळ करून मांडला आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की करू. कावीळ हा रोग नाही, ती खूण आहे. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात सोडतं आणि पित्त आतड्यात उतरतं. शौचाचा तपकिरी रंग त्यातूनच येतो. या वाटेवर कुठेही बिघाड झाला की पिवळेपणा साठतो. पेशी भराभर मोडत असतील (मलेरिया, तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार सिकलसेल), यकृतालाच मार बसला असेल (विषाणू, दारू, औषधं) किंवा पित्ताची नळी तुंबली असेल (खडा, गाठ), तरी डोळे सारखेच पिवळे दिसतात. उपचार मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. म्हणून ‘काविळीचं औषध द्या’ असं कुणी मागितलं की चांगला डॉक्टर आधी विचारतो, ‘कशाची कावीळ?’

## टप्पा १ : खरंच कावीळ आहे का, ते पाहा

ट्यूबलाइट किंवा पिवळ्या बल्बखाली पाहू नका. सकाळी खिडकीशी किंवा अंगणात उभं करा, खालची पापणी ओढा, माणसाला वर बघायला सांगा आणि बुबुळाच्या भोवतीचा पांढरा भाग पाहा. शेजारी घरातल्या दुसऱ्या कुणाला उभं करून तुलना केली तर फरक लगेच कळतो.

रक्तातलं एकूण बिलिरुबिन साधारण १ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरच्या आसपास असतं. डोळ्यांत रंग दिसायला ते २.५ ते ३ च्या पुढे जावं लागतं. म्हणजे डोळा पिवळा दिसतो तेव्हा काम आधीच बरंच पुढे गेलेलं असतं.

तपासा : तळहात पिवळट आहेत पण डोळे पांढरेशुभ्र आहेत? मग बहुधा गाजर-पपई भरपूर खाल्ल्यानं आलेला रंग आहे. ती कावीळ नव्हे. सावळ्या माणसांच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात मळकट तपकिरी डाग असतात, तेही काविळीचे नसतात. काविळीत पांढरा भाग सगळीकडे सारखा पिवळा होतो.

## टप्पा २ : घरातच रंग बघून लिहून ठेवा

एक साधी वही करा. तारीख घाला आणि रोज या नोंदी ठेवा : लघवीचा रंग, शौचाचा रंग, ताप, उलट्या किती, खाल्लं काय, वजन. शेवटच्या रकान्यात रुग्णाची सही घ्या. सहीचं कारण पुढे सांगतो.

रंगांवरून अंदाज असा येतो :

लघवी सरसोच्या तेलासारखी किंवा कडक चहासारखी गडद आणि शौच नेहमीसारखं किंवा किंचित फिकं असेल, तर यकृताला सूज असण्याची शक्यता जास्त. विषाणूच्या काविळीत बहुतेक असंच असतं. काही जणांना मधले आठ-दहा दिवस शौचही फिकं होतं.

शौच पांढुरक्या मातीसारखं, लघवी गडद आणि अंगाला सतत खाज असेल, तर पित्ताची वाट अडलेली असू शकते.

डोळे पिवळे पण लघवीचा रंग फारसा बदललेला नाही, माणूस फिका पडलाय आणि धाप लागते, असं असेल तर तांबड्या पेशी मोडत असाव्यात. विदर्भात, नंदुरबारकडे आणि एकूणच आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. तिथे ही तिसरी शक्यता विसरू नये.

हा अंदाज आहे, निदान नाही. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘लघवी पिवळी होते का?’ या प्रश्नाला ‘हो, होत असेल’ असं उत्तर देण्यापेक्षा वही पुढे करणं कितीतरी बरं. उन्हाळ्यात कमी पाणी प्यायल्यानंही लघवी पिवळी होते. मात्र काविळीतली गडद लघवी पाणी पिऊनही गडदच राहते.

## टप्पा ३ : थांबायचं की आत्ता निघायचं?

हा टप्पा चुकवू नका. खालीलपैकी एक जरी दिसलं तरी तपासणीच्या रांगेत उभं राहायचं नाही, थेट दाखल करायची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं :

- माणूस गोंधळलाय, चिडचिड करतोय, दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देतो
- हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर निळे डाग, डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी
- पाणीही पोटात ठरत नाही
- लघवी फार कमी झाली आहे
- पोट फुगतंय
- हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ, ही तिन्ही एकत्र. हा पित्तनलिकेतला जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो तासांच्या हिशोबानं बिघडतो
- बाई गरोदर आहे

शेवटचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी आपोआप बरी होणारी, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झालेल्या बायकांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले की ‘उद्या बघू’ नाही, त्याच दिवशी मोठं रुग्णालय.

आता सहीबद्दल. यकृत कोलमडू लागलं की पहिला परिणाम मेंदूवर होतो, आणि तो घरच्यांना ‘जरा आळसावलाय’ एवढाच वाटतो. रोजची सही शेजारी शेजारी ठेवून पाहा. अक्षर वाकडंतिकडं व्हायला लागलं तर ती धोक्याची घंटा. दुसरी खूण : दोन्ही हात पुढे करून, रहदारी थांबवल्यासारखे पंजे वर धरायला सांगा. पंजे पंखासारखे मध्येच गळून पडत असतील तर लगेच निघा.

इशारा : बिथरलेल्या रुग्णाला झोपेची गोळी देऊ नका. कमकुवत यकृताला ती पचवता येत नाही आणि नक्की काय बिघडतंय ते झाकलं जातं.

## टप्पा ४ : आधी बंद करा, मग सुरू करा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी घरातली सगळी औषधं एका पिशवीत गोळा करा. गोळ्या, काढे, चूर्णं, जिमची पावडर, केस वाढण्याची कॅप्सूल, वजन कमी करायचं पेय, सगळं. मागच्या तीन महिन्यांत घेतलेलं आठवून लिहा. ‘ते काय औषध थोडंच आहे’ म्हणून जे वगळलं जातं, नेमका तिथेच दोष सापडतो. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचे रुग्ण कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले होते. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हे गणित यकृताला मान्य नाही.

लगेच बंद करायच्या गोष्टी : दारू, सगळे काढे आणि चूर्णं, दुखण्यावरच्या गोळ्या. तापासाठी पॅरासिटामॉल चालेल का आणि किती, ते डॉक्टरांनाच विचारा. सर्दीच्या, अंगदुखीच्या आणि तापाच्या वेगवेगळ्या गोळ्यांत तेच पॅरासिटामॉल दडलेलं असतं. तीन पाकिटांतून मिळून दिवसाचा डोस कुठच्या कुठे जातो, हे घेणाऱ्याला कळतही नाही.

दोन ठिकाणी सावध राहा. रोज भरपूर दारू पिणारा माणूस ती एकदम थांबवतो तेव्हा त्याला कापरं, भास, झटके येऊ शकतात. लाज न बाळगता खरं प्रमाण डॉक्टरांना सांगा. आणि क्षयरोगाचं औषध चालू असेल तर त्याच दिवशी उपचार केंद्रात जा. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला त्रास देऊ शकतात. ती थांबवायला लागतात, पण नंतर कोणती कधी परत सुरू करायची ते तिथेच ठरतं. स्वतःहून थांबवून घरी बसणं वाईट, पिवळे डोळे घेऊन तशाच गोळ्या गिळत राहणं त्याहून वाईट.

मधुमेह, रक्तदाब, फिट्स यांची औषधं मात्र मनानं बंद करू नका.

## टप्पा ५ : तपासण्या, त्याही क्रमानं

पहिल्या दिवशी : एकूण आणि डायरेक्ट (यकृतानं पित्तात सोडण्याजोगं केलेलं) बिलिरुबिन, एसजीओटी आणि एसजीपीटी (यकृताच्या पेशींना मार बसला की वाढतात), अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताची वाट अडली की वाढतं), अल्ब्युमिन (यकृत तयार करतं ते प्रथिन), प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणजे पीटी-आयएनआर, रक्ताची पूर्ण मोजणी, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी).

या यादीतून नेमकं आयएनआर गळतं. ‘लिव्हर फंक्शन’ असं लिहून दिलेल्या तपासणीत ते बहुतेक वेळा नसतं, वेगळं सांगावं लागतं. यकृत काम करतंय की नाही हे सर्वांत आधी त्यातूनच कळतं, कारण रक्त गोठवणारे घटक यकृतच तयार करतं. त्याचं रक्त निळ्या टोपीच्या नळीत, खुणेपर्यंत भरून घ्यायचं असतं. अर्धवट भरलेली नळी चुकीचा आकडा देते.

ताप अजून असेल तर त्याच दिवशी : मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा जंतुसंसर्ग, थोडक्यात लेप्टो), डेंगी. विषाणूच्या काविळीत ताप साधारण आधी येतो आणि डोळे पिवळे व्हायला लागले की उतरतो. डोळे पिवळे झाल्यावरही ताप चालूच असेल तर दुसरं काहीतरी शोधायला हवं. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्या, भातखाचरात उतरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल आणि पिवळे, लघवी कमी, असं असेल तर लेप्टोचा संशय पहिला. त्यावर प्रतिजैविक लागतं, आणि ते वेळेत लागतं. हा माणूस माळ घालून चार दिवस घरी राहिला तर मूत्रपिंडं जाऊ शकतात.

त्यानंतर सोनोग्राफी : पित्ताशय नीट दिसावं म्हणून सहा-आठ तास उपाशी राहायला सांगतात. उलट्यांनी गळालेल्या रुग्णाला सकाळची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे उपास झोपेतच होतो. पाण्याचे घोट चालतील का ते आधी विचारा.

मग विषाणू कोणता ते : हिपॅटायटिस ए आणि ई साठी ‘आयजीएम’ (ताज्या संसर्गात तयार होणारी) प्रतिपिंडं, बी साठी एचबीएसएजी (त्या विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन), सी साठी प्रतिपिंडं. इथली नेहमीची चूक म्हणजे ए ची ‘टोटल’ (जुनी-नवी मिळून) प्रतिपिंडं तपासणं. आपल्याकडे बऱ्याच जणांना लहानपणीच ए होऊन गेलेला असतो, त्यामुळे टोटल चाचणी पॉझिटिव्ह येते आणि आजच्या काविळीबद्दल काहीच सांगत नाही. कागदावर ‘आयजीएम’ लिहिलंय ना, एवढं पाहा.

‘पांढरी कावीळ’ आणि ‘पिवळी कावीळ’ या नावांवर कुठलाच निर्णय घेऊ नका. कुणी हिपॅटायटिस बी ला पांढरी म्हणतं, कुणी रक्त कमी झालेल्या माणसाला. रिपोर्टवर अशी नावं नसतात.

## टप्पा ६ : रिपोर्ट वाचताना घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

एसजीपीटी २००० आलं की घरात रडारड होते. हा आकडा यकृताच्या पेशींना आत्ता किती मार बसतोय ते सांगतो, यकृत उरलंय किती ते नाही. हिपॅटायटिस ए मध्ये हजारांत गेलेलं एसजीपीटी काही आठवड्यांत खाली येतं आणि माणूस ठणठणीत होतो.

उलट, ज्या रिपोर्टवर घरचे खुश होतात तो कधीकधी सर्वांत वाईट असतो : एसजीपीटी झपाट्यानं उतरलंय, पण बिलिरुबिन चढतंय आणि आयएनआरही चढतंय. याचा अर्थ यकृत सुधारत नाही, मार खायला पेशीच उरल्या नाहीत. आयएनआर १.५ च्या वर आणि सोबत गुंगी किंवा गोंधळ असेल, तर यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या केंद्राशी त्याच दिवशी बोलायला हवं.

आणखी काही जोड्या :

एसजीपीटी माफक वाढलंय, अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलंय, डायरेक्ट बिलिरुबिन जास्त : वाट अडल्याचा संशय. सोनोग्राफीत खडा दिसला तर ईआरसीपी या दुर्बिणीच्या प्रक्रियेनं तो काढता येतो. पन्नाशीपुढच्या माणसाला न दुखता हळूहळू वाढत जाणारी कावीळ, खाज आणि वजन उतरणं असेल तर स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या गाठीचा शोध घ्यावाच लागतो. अशा रुग्णाचे सहा आठवडे पथ्यात गेले तर शस्त्रक्रियेची संधी हातची जाऊ शकते.

फक्त इनडायरेक्ट (यकृतानं अजून न हाताळलेलं) बिलिरुबिन २-३ पर्यंत वाढलेलं आणि बाकी सगळं सामान्य : पेशी मोडत नसल्याची खात्री झाली तर बहुधा गिल्बर्ट नावाची जन्मजात ठेवण. उपास, जागरण, तापात डोळे किंचित पिवळे होतात. उपचार लागत नाही. अशी माणसं दर चतुर्थीनंतर कावीळ ‘उतरवून’ घेत असतात.

बिलिरुबिन बरंच, एसजीपीटी दोनशेच्या आतबाहेर, क्रिएटिनिन वाढलेलं आणि ताप : पुन्हा लेप्टो आठवा.

## टप्पा ७ : घरी ठेवायचं ठरलं तर

हिपॅटायटिस ए किंवा ई, आयएनआर सामान्य, माणूस खातोपितो, शुद्ध नीट आहे, अशांना घरी ठेवता येतं. विषाणू मारायचं औषध त्यांना लागत नाही. शरीरच त्याला हटवतं. लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी हा वेळ कमी होतो असं सिद्ध झालेलं नाही. पाणी तोंडानं जात असेल तर ‘ताकदीच्या’ सलाइनचाही उपयोग नाही.

खाणं. मी कॉलेजात असताना मला कावीळ झाली, तेव्हा महिनाभर अळणी भात आणि साखरपाणी चाललं होतं. कावीळ गेली, पण त्यानंतर जिना चढायला दोन महिने लागले. तो अशक्तपणा काविळीचा कमी आणि पथ्याचा जास्त होता, हे कळायला बरीच वर्षं गेली.

हळद पिवळी आहे म्हणून काविळीत वाईट, यात काही तथ्य नाही. फोडणीतल्या चिमूटभर हळदीनं बिलिरुबिन वाढत नाही. (हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत, त्या औषधात मोडतात.) मीठही बंद करायचं कारण नाही, पोटात पाणी झालं असेल तरच डॉक्टर कमी करायला सांगतात. तेल-तूप नकोसं वाटतं तोवर कमी ठेवा. वास सहन व्हायला लागला की मऊ भातावर चमचाभर तूप चालतं. प्रथिनं तोडू नका : मुगाचं वरण, घरी लावलेलं दही, उकडलेलं अंडं, पनीर, जे आवडेल ते.

मळमळ दिवस चढतो तशी वाढते. म्हणून मोठं जेवण सकाळी द्या आणि संध्याकाळी पेज, खिमट, केळं असं हलकं. दोन-दोन तासांनी थोडं थोडं खाल्लेलं टिकतं.

उसाचा रस. साखर मिळते, यापलीकडे त्यात काविळीचं औषध नाही. प्यायचा असेल तर घरी, धुतलेल्या उसाचा, बर्फाशिवाय. रस्त्यावरच्या गाड्यावरचा बर्फ आणि बादलीतलं पाणी, याच वाटेनं कावीळ घरात येते. कावीळ बरी करायला कावीळ विकत आणायची नाही.

विश्रांती. थकवा असेल तेवढा आराम. महिनाभर खाटेला खिळवून ठेवायची गरज नाही. घरात फिरा, अंघोळ करा.

माळ, हात धुणं, नाकात थेंब. घरातल्या आजीशी भांडण नको असेल तर माळ घालू द्या, तिच्यानं इजा होत नाही. ती लांब होते याचं कारण साधं आहे : ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात आवळून बांधलेले असतात, ते वाळून आक्रसतात, फास सैल होतात आणि दोरा सुटत जातो. खांबाला बांधली तरी ती लांबेल. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं ते आधी हाताला चोळलेल्या सालीच्या पावडरीमुळे. निरोगी माणसाचे हात धुतले तरी होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे करूनही दाखवतात.

माळ घालून तपासणीला जायला काही हरकत नाही. माळ घातली म्हणून तपासणी टाळायची, ती चूक.

नाकात देवडांगरी या रानवेलीचे थेंब, डोळ्यांत रस, अंगावर डागण्या, पोटात अनोळखी पाला, यांना मात्र घरात साफ नकार द्या. नाकातून वाहणारं पिवळं पाणी म्हणजे कावीळ नव्हे, नाकाचं अस्तर भाजल्यामुळे येणारा स्राव आहे. अशा उपायांनी बरे झालेले लोक भेटतात, कारण ए आणि ई ची कावीळ दोन ते सहा आठवड्यांत आपली आपण उतरते. श्रेय त्या काळात जे चालू होतं त्याला जातं.

## टप्पा ८ : घरातल्या बाकीच्यांचं काय

ए आणि ई तोंडावाटे पसरतात : विष्ठेनं दूषित झालेलं पाणी, अन्न आणि न धुतलेले हात. ए ची लागण झाल्यापासून डोळे पिवळे व्हायला साधारण १५ ते ५० दिवस लागतात, ई ला दोन ते आठ आठवडे. त्यामुळे परवाच्या पाणीपुरीला दोष देऊ नका. महिन्यापूर्वीचं लग्न, जत्रा, किंवा गल्लीत तेव्हा फुटलेली पाइपलाइन आठवा. एका इमारतीत तिघांना कावीळ झाली असेल तर जमिनीतली टाकी आणि ड्रेनेजची वाट तपासायला लावा आणि पालिकेच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ पसरली होती. अशी साथ एकेका घराच्या पथ्यानं थांबत नाही.

पाणी खळखळून उकळू द्या, उकळी एक मिनिट तरी टिकवा आणि झाकून त्याच भांड्यात गार करा. तुरटीनं गाळ बसतो, विषाणू मरत नाहीत. साध्या कँडलच्या फिल्टरमधूनही विषाणू पार होतात.

हात साबणानंच धुवा. सॅनिटायझरला हे विषाणू तितकेसे जुमानत नाहीत. रुग्णानं कावीळ दिसल्यापासून निदान आठवडाभर इतरांसाठी स्वयंपाक करू नये आणि मुलानं शाळेत जाऊ नये. ए चा संसर्ग सर्वांत जास्त पसरतो तो डोळे पिवळे होण्याच्या आधीचे दोन आठवडे, म्हणजे घरच्यांना लागण व्हायची असेल तर ती बहुधा आधीच झालेली असते. तरीही संपर्कात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ए ची लस घेतली तर उपयोग होतो. घरातल्या लहानांसाठी डॉक्टरांना लगेच विचारा.

वेगळं ताट-वाटी, वेगळी खोली एवढं करून शौचालयाचा नळ आणि कडी न पुसणं, हे बहुतेक घरांत चालतं. लक्ष तिथे हवं.

बी आणि सी चं वेगळं. ते रक्तातून, शरीरसंबंधातून, आईकडून बाळाला जातात. एकत्र जेवल्यानं नाही. बी निघाला तर जोडीदार, मुलं, आई, भावंडं या सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करा आणि ज्यांना नाही त्यांना लस द्या. रेझर, ब्लेड, टूथब्रश वेगळे. सी वर साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली २०१८ पासून बी आणि सी ची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

## टप्पा ९ : तान्हं बाळ असेल तर वेगळा हिशोब

वरचे टप्पे मोठ्यांचे. नवजात बाळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडं पिवळं होणं नेहमीचं आहे. ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त दिसतं आणि पूर्ण दिवसांच्या बाळात दोन आठवड्यांत ओसरतं. पाहायचं कसं : दिवसाच्या उजेडात कपाळावर, छातीवर, पायावर बोट दाबून उचला आणि दबलेल्या जागेचा रंग पाहा. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरतो.

लगेच न्यायचं केव्हा : पहिल्या २४ तासांतच पिवळं दिसलं, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ पीत नाही, उठवूनही उठत नाही, किंचाळल्यासारखं रडतं, कमानीसारखं ताठतं. आई आरएच निगेटिव्ह किंवा ओ गटाची असेल तर जास्त लक्ष. बाळाच्या रक्तात बिलिरुबिन फार चढलं तर ते मेंदूत उतरतं आणि कायमचं नुकसान करतं. निळ्या प्रकाशाखाली ठेवून ते वेळेत उतरवता येतं.

इशारा : कोवळं ऊन हा निळ्या प्रकाशाला पर्याय नाही. खिडकीशी बाळ धरून ‘उतरेल’ म्हणत घालवलेले दोन दिवस महागात पडतात. साखरपाणी, मध, घुटी नको. अंगावरचं दूध दिवसातून ८ ते १२ वेळा पाजणं, हेच घरचं औषध.

दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं असेल तर डायरेक्ट बिलिरुबिन तपासायलाच हवं. शौच पांढुरकं असेल तर एक दिवसही थांबू नका. पित्ताची नळीच तयार झालेली नसेल तर तिची शस्त्रक्रिया बाळ साठ दिवसांचं होण्याआधी झालेली चांगली. लंगोट टाकून न देता मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा १० : कधी परत जायचं, कधी सोडायचं

पहिल्या आठवड्यात दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे बिलिरुबिन आणि आयएनआर पुन्हा तपासा. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते.

सुधारणा ठरावीक क्रमानं दिसते. आधी भूक लागते. मग एसजीपीटी उतरतं. लघवी स्वच्छ होते. डोळे सर्वांत शेवटी, कारण काही बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतं आणि ते अल्ब्युमिन झिजेपर्यंत काही आठवडे राहतं. लघवी स्वच्छ आणि भूक चांगली असताना डोळ्यांत उरलेल्या पिवळ्या छटेसाठी नवं औषध शोधू नका. हिपॅटायटिस ए मध्ये क्वचित कावीळ उतरून पुन्हा थोडी चढते, किंवा खाज घेऊन दोन-तीन महिने रेंगाळते. तेव्हाही आयएनआर पाहायचं आणि डॉक्टर बदलत न बसता त्याच डॉक्टरांकडे वही घेऊन जायचं.

कावीळ वाढतच असेल, किंवा सहा आठवड्यांनंतरही उतरत नसेल, तर पोटविकारतज्ज्ञांकडे.

दारू सगळे रिपोर्ट सामान्य होईपर्यंत अजिबात नाही, त्यानंतरही डॉक्टर म्हणतील तोवर नाही. ज्याला दारूमुळेच कावीळ झाली त्याला ‘तोवर’ हा शब्द लागू नाही.

हिपॅटायटिस बी निघालेल्यांनी डोळे पांढरे झाले म्हणून फाइल कपाटात टाकायची नाही. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करायची. ती निगेटिव्ह आली तर सुटका. पॉझिटिव्हच राहिली तर विषाणू अंगात मुक्कामाला आहे, आणि डोळे कधीच पिवळे न होताही तो यकृत पोखरू शकतो. अशांना दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, आणि लागली तर रोजची एक गोळी. तीही सरकारी केंद्रात मिळते, फक्त तिची वेळ चुकवायची नाही आणि मनानं बंद करायची नाही.